कान तपासला, दाढ तपासली, आणि दुखत होता जबडा

कान दुखतोय म्हणून कानाच्या डॉक्टरांकडे जावं, त्यांनी लाइट लावून आत बघावं आणि सांगावं की कान एकदम स्वच्छ आहे, पडदा व्यवस्थित आहे, इन्फेक्शन वगैरे काही नाही. मग दाढेवर संशय, दाढेचा एक्सरे, तोही नॉर्मल. मग कोणी म्हणतं मायग्रेन असेल, कोणी म्हणतं मान अवघडली असेल, कोणी म्हणतं टेन्शन घेतेस फार. आणि या सगळ्या फेऱ्यांत ज्याची कोणी साधी चौकशीही करत नाही तो असतो कानाच्या अगदी पुढ्यात बसलेला जबड्याचा सांधा. मला हा त्रास आहे, माझ्या धाकट्या बहिणीलाही आहे, आणि दोघींची लक्षणं इतकी वेगळी आहेत की दोघींचा दुखरा भाग एकच आहे हे कोणाला सांगून पटत नाही. म्हणून एकदा नीट लिहून काढतेय, कारण हा त्रास ओळखू आला की अर्धी भीती तिथेच जाते, आणि नाही ओळखू आला तर माणूस चांगल्या दाढा काढून बसतो.

आधी मुद्द्याचं सांगते. जबड्याचं दुखणं ओळखायचा सगळ्यात भरवशाचा प्रश्न म्हणजे जबडा हलवला की दुखणं बदलतं का? चावताना वाढतं का, जांभई देताना कळ येते का, खूप वेळ बोललं, मोठ्याने हसलं, दात आवळून धरले की जास्त होतं का, आणि जबडा सैल सोडला की थोडं तरी कमी होतं का? पडद्यामागे इन्फेक्शन असेल तर तुम्ही चावताय की गप्प बसलाय याने फार फरक पडत नाही. किडलेल्या दाताला गरम-थंड लागलं की तो लगेच बोंब मारतो, जबड्याच्या सांध्याला गरम-थंडाचं काही पडलेलं नसतं. हां, कानाच्या बाहेरच्या नळीला सूज असेल तर मात्र चावतानाही दुखतं, पण तेव्हा कानाची पाळी नुसती ओढली तरी जीव जातो आणि डॉक्टरांना आत सूज दिसते, त्यामुळे ते वेगळं काढता येतं.

हा माझ्या मनाचा निकष नाहीये. 2014 साली या आजारांच्या निदानाचे जे आंतरराष्ट्रीय निकष छापून आले त्यातही दुखण्यासाठी हीच अट आहे, म्हणजे गेल्या 30 दिवसांत जबडा, कानशील, कान किंवा कानापुढची जागा दुखलेली असली पाहिजे आणि ते दुखणं जबड्याच्या हालचालीने बदललेलं असलं पाहिजे. त्यात अजून एक गोष्ट आहे जी मला फार शहाणपणाची वाटते. डॉक्टर गालाचा स्नायू साधारण 1 किलोच्या जोराने दाबतात आणि दुखलं का एवढंच विचारून थांबत नाहीत, तर हे तुझं नेहमीचं ओळखीचं दुखणं आहे का असं विचारतात. कारण दाबलं तर कुठेही दुखेल हो, पण ज्यासाठी तुम्ही महिनोन्महिने फिरताय तेच नेमकं दुखणं जर बोटाखाली उठलं तर चोर सापडला. माझ्या बाबतीत हेच झालं, डेंटिस्टनी गालाच्या मधोमध बोट दाबलं आणि माझी वरची दाढ दुखायला लागली, दाढेला हात न लावता.

आता हा सांधा सापडतो कुठे ते करून बघा. दोन्ही हातांची पहिली बोटं कानाच्या भोकासमोर जो छोटा मऊ उंचवटा असतो त्याच्या जरासं पुढे ठेवा आणि हळूच तोंड उघडा. बोटाखाली एक गोल हाड सरकतं आणि तिथे खळगा पडल्यासारखं लागतं, मिटलं की ते हाड परत जागेवर येतं. तोच सांधा. खालच्या जबड्याचं वरचं टोक आणि कवटीचं कानापाशी असलेलं हाड यांच्यामध्ये तो असतो आणि त्याचं लांबलचक नाव टेम्पोरोमॅन्डिब्युलर जॉइंट, म्हणून सगळे टीएमजे म्हणतात, आणि त्याच्या व त्याच्या स्नायूंच्या सगळ्या तक्रारींना मिळून टीएमडी म्हणतात. म्हणजे टीएमडी हा एक आजार नाही, बरेच वेगवेगळे त्रास त्या एका नावाखाली येतात, आणि मला झालेलं तुम्हाला होईल असं अजिबात नाही. बोटं तशीच ठेवून दोन-चारदा उघडमीट करा. दोन्ही बाजूंची हाडं एकदमच सरकतायत का, की एक आधी आणि एक मागाहून धक्का दिल्यासारखं, ते लक्षात येईल. आणि दोन्हीकडे सारखंच बोट दाबून एकीकडेच दुखत असेल तर तेही.

या सांध्याचं वैशिष्ट्य असं की तो नुसता उघडमीट करत नाही. सुरुवातीचे साधारण 20 ते 25 मिलिमीटर तोंड उघडेपर्यंत जबड्याचं टोक जागच्या जागी फिरतं, आणि त्याच्या पुढे उघडायचं तर ते अख्खं टोक पुढे घसरत येतं. शिवाय दोन सांधे आणि हाड एकच, त्यामुळे एका बाजूला काही झालं की दुसरीलाही त्याचा ताण बसतो. हाड आणि हाड यांच्यामध्ये एक पातळ गादी असते, डिस्क म्हणतात तिला, ती जबड्याच्या टोकासोबत मागेपुढे सरकत राहते. ही गादी जर पुढे सटकलेली असेल तर तोंड उघडताना हाड तिच्या कडेवरून उडी मारून परत तिच्याखाली शिरतं आणि कानाशी कट्ट असा आवाज येतो. मिटताना पुन्हा सटकते, तेव्हा जरा बारीक कट्ट. शेजारी बसलेल्या माणसालासुद्धा ऐकू येईल इतका मोठा आवाज येऊ शकतो.

तर हा आवाज. सगळ्यात जास्त लोक याच्यामुळेच घाबरतात आणि खरं सांगायचं तर नुसता आवाज, दुखत नाही, तोंड पूर्ण उघडतंय, अडकत नाही, तर त्याला उपचार लागत नाही. भरपूर लोकांचा जबडा आयुष्यभर वाजतो आणि पुढे काही होत नाही. काहीही तक्रार नसलेल्या बऱ्याच लोकांच्या एमआरआयमध्येसुद्धा ही डिस्क सरकलेली दिसते. म्हणून नुसत्या आवाजासाठी कोणी महागडं काही सुचवलं तर घाई करू नका एवढं मी प्रेमाने सांगेन. आवाजाचा पोत मात्र लक्षात ठेवा. एकच स्वच्छ कट्ट असेल तर बहुतेक डिस्क. वाळूवरून काही घासत नेल्यासारखी करकर, तीही उघडताना आणि मिटताना पूर्ण वेळ, तर सांध्याच्या हाडांची झीज असू शकते, संधिवाताचा भाग असू शकतो. हातापायाचे सांधे सुजणाऱ्या संधिवातात जबड्याचा सांधाही सापडतो, आणि मुलांच्या संधिवातात तर तो न दुखताच बिघडत जाऊ शकतो, हनुवटी एका बाजूला जायला लागते तेव्हा कळतं. अशा मुलांचा जबडा दुखत नसला तरी दाखवून घ्यायलाच हवा.

आवाजाबद्दल खरी लक्ष देण्याची वेळ कधी, तर तो अचानक बंद होतो तेव्हा. हे ऐकायला उलटं वाटतं. माझ्या बहिणीचा जबडा कॉलेजपासून वाजायचा, मधूनमधून खाताना क्षणभर अडकायचा आणि जरा इकडेतिकडे हलवला की सुटायचा. मग एका सकाळी ती ब्रश करायला उभी राहिली आणि ब्रश आत मागच्या दाढांपर्यंत जाईचना. तोंड दोन बोटांच्या आत उघडत होतं, जोर केला की डाव्या कानाशी कळ, आणि इतक्या वर्षांचा तो कट्ट आवाज एकदम गायब. तिने मला व्हिडिओ कॉल केला तेव्हा स्क्रीनवर दिसत होतं की तोंड उघडताना तिची हनुवटी सरळ खाली न येता डावीकडे ओढली जातेय. याला क्लोज्ड लॉक म्हणतात. म्हणजे डिस्क पुढे सटकली ती सटकलीच, हाड आता तिच्याखाली शिरू शकत नाही, म्हणून आवाज नाही आणि हाड पुढे घसरू शकत नाही म्हणून तोंड उघडत नाही. निरोगी बाजू पुढे सरकते, अडकलेली बाजू मागे राहते, आणि हनुवटी अडकलेल्या बाजूला जाते. हे झालं की त्या आठवड्यातच दाखवायचं, बघू पुढे असं करत बसायचं नाही. आणि स्वतःच बोटं घालून तोंड ताणायचं तर अजिबातच नाही. बहिणीचं ऑपरेशनबिपरेशन काही झालं नाही, व्यायाम आणि थोड्या औषधांवर हळूहळू उघडायला लागलं, बऱ्याच जणांचं तसंच होतं.

याच्या उलटा प्रकार म्हणजे मोठी जांभई दिली आणि तोंड उघडंच राहिलं, मिटेचना. तिथे जबड्याचं टोक पुढच्या उंचवट्याच्याही पुढे जाऊन अडकलेलं असतं. त्यात घरगुती उपाय नाहीत, सरळ इमर्जन्सीत जायचं, डॉक्टर आत अंगठे ठेवून जबडा खाली आणि मागे ढकलून बसवतात. ज्यांचं एकदा झालंय त्यांना पुन्हा होण्याची शक्यता असते, त्यांनी जांभई येताना हनुवटीखाली मूठ धरायची सवय लावावी.

तोंड किती उघडतं ते घरी बघायचं असेल तर स्वतःच्याच हाताची तीन बोटं, पहिलं, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये जातायत का ते बघा, हळूच, जबरदस्ती न करता. मोजपट्टीने मोजलं तर मोठ्या माणसाचं साधारण 40 ते 55 मिलिमीटर उघडतं, आणि 35 च्या खाली गेलं तर कमी समजतात. बारीक चणीच्या माणसाचं थोडं कमी असतं ते धरून चाला. मग आरशासमोर उभं राहून दातांच्या मधल्या रेघेकडे बघत सावकाश उघडा. रेघ सरळ खाली येते का? वाटेत एका बाजूला जाऊन परत मध्यावर येते का, की शेवटपर्यंत एकीकडेच जाते? वाटेत वाकडी होऊन सरळ झाली तर बहुतेक वेळा वाजणारी डिस्क, शेवटपर्यंत वाकडीच राहिली तर त्या बाजूला काहीतरी अडतंय. हे बघून स्वतःचं निदान करायचं नाहीये, पण डॉक्टरांना सांगायला नेमकं काहीतरी हातात येतं, नुसतं जबडा दुखतो यापेक्षा.

पण बहुतेक लोकांच्या बाबतीत खरा त्रास सांध्यापेक्षा स्नायूंचा असतो, आणि माझाही तोच. दोन्ही हात गालांवर ठेवून दात आवळा, जबड्याच्या कोपऱ्यापाशी एक टणक गोळा उठतो तो मॅसेटर. तसेच कानशिलांवर बोटं ठेवून आवळा, तिथे पसरट काहीतरी फुगतं तो टेम्पोरॅलिस. हे दोघं दिवसभर राबत असतील तर संध्याकाळपर्यंत कानशिलं धरतात, गाल जड होतात, डोक्याला घट्ट पट्टा बांधलाय असं वाटतं. याला लोक टेन्शनचं डोकं दुखणं म्हणून सोडून देतात, मीही डोकेदुखी म्हणूनच गोळ्या घ्यायचे. फरक कळतो तो वेळेवरून. सकाळी उठल्या उठल्या जबडा आखडलेला, कानशिलं ठणकतायत आणि तासाभरात सैल होत जातंय तर रात्री झोपेत दात खाल्ले जातायत असा संशय घ्यावा. उठताना काही नाही, पण काम संपता संपता दुखतंय, तर दिवसा दात आवळले जातायत.

आणि हे स्नायू दुखणं भलतीकडेच पाठवतात. मॅसेटर आखडला की दाढा दुखतात, वरच्या आणि खालच्याही, कधी कान दुखतो, भुवईच्या वर दुखतं. टेम्पोरॅलिसचं दुखणं वरच्या दातांत उतरतं. म्हणून एक्सरेमध्ये निर्दोष दाढ, तरीही ठुसठुस, आज ही दाढ तर उद्या शेजारची, असं फिरतं दुखणं असेल तर रूट कॅनाल करायच्या आधी कोणीतरी गालाचे स्नायू दाबून बघायला हवेत. खरी दुखरी दाढ बहुतेकदा जागा बदलत नाही. आणि त्या दाढेला इंजेक्शन देऊन बधिर केल्यावरही दुखणं तसंच राहिलं तर दुखण्याचं मूळ तिथे नाही हे जवळजवळ नक्की, ही तपासणी डेंटिस्टला सहज करता येते, तुम्ही विचारू शकता.

कानाचं तर विचारूच नका. कान दुखणं, कानात दडे बसल्यासारखं वाटणं, गुंई असा आवाज येत राहणं, कधी गरगरल्यासारखं होणं, आणि तपासलं तर कान ठणठणीत. जबड्याच्या सांध्याला जी नस जाते तिच्याच फांद्या कानाच्या पुढच्या भागाला, कानाच्या नळीला आणि कानशिलालाही जातात, त्यामुळे मेंदूला नेमकं कुठून दुखतंय ते नीट कळत नाही. गंमत म्हणजे हा संबंध पहिल्यांदा नावारूपाला आणला तो एका कानाच्याच डॉक्टरने. जेम्स कॉस्टेन या अमेरिकन डॉक्टरने 1934 साली कानाच्या आणि सायनसच्या तक्रारी जबड्याशी जोडून दाखवल्या, आणि कित्येक वर्षं या त्रासाला कॉस्टेन सिंड्रोम म्हणत. त्याने सांगितलेली कारणं, म्हणजे मागचे दात गेल्यामुळे जबडा जास्त मिटतो आणि सांधा मागच्या भागावर दाबतो वगैरे, पुढे टिकली नाहीत, पण कान तपासून झाला की जबडाही बघा, हे त्याचं म्हणणं आजही शंभर टक्के लागू आहे. मात्र क्रम तोच ठेवा हं, आधी कान तपासून घ्या. एकाच कानाने कमी ऐकू यायला लागलं, कानातून पाणी येतंय, चक्कर येऊन पडायला होतंय, हे जबड्याच्या नावावर खपवू नका.

अजून एक लक्षण जे लोक डॉक्टरांना सांगायला लाजतात कारण ते सांगता येत नाही नीट. दात एकमेकांवर नेहमीसारखे बसत नाहीत असं वाटणं. काल सगळं बरोबर होतं आणि आज एका बाजूचे दात आधी लागतायत. सांध्यात सूज आली किंवा एखादा स्नायू आखडला तर जबडा किंचित सरकून बसतो, आणि दातांमध्ये तर केसाएवढा फरकही कळतो. सूज उतरली की ते आपोआप परत येतं. म्हणूनच दुखत असताना दात मशीनने थोडे झिजवून चावा जुळवून देतो असं कोणी म्हटलं तर नाही म्हणा. झिजवलेला दात परत येत नाही, आणि दुखणं दातांच्या त्या उंचसखलपणामुळे नसतंच बहुतेक वेळा.

दात आवळण्याबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण इथे आपल्या हातात खूप काही आहे. आत्ता हे वाचताना तुमचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकलेत का बघा. टेकायला नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, मध्ये 2 ते 4 मिलिमीटर फट, जीभ वरच्या दातांच्या मागे टाळूला हलकेच टेकलेली, ही जबड्याची आरामाची स्थिती आहे. अख्ख्या दिवसात खाताना-गिळताना मिळून दात एकमेकांना लागतात तो वेळ जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचा असतो, आणि आपण लॅपटॉपसमोर तासन् तास ते टेकवून बसतो. जोरात आवळायचीही गरज नाही, नुसते टेकलेले असले तरी स्नायू सुट्टीवर जात नाहीत. मी कॉम्प्युटरच्या कडेला एक छोटा रंगीत ठिपका चिकटवलाय, नजर गेली की दात सोडायचे, बाकी काही नाही. माझ्या डोकेदुखीला गोळ्यांपेक्षा याचा उपयोग जास्त झाला. आवळण्याच्या खुणा तोंडातही सापडतात, जिभेच्या कडेला दातांचे ठसे उठून नक्षी झालेली, गालाच्या आत दातांच्या रेषेत पांढरी आडवी रेघ, सुळ्यांची टोकं सपाट. पण एक लक्षात घ्या की खूप लोक रात्री दात खातात आणि त्यांना जबड्याचा काहीही त्रास नसतो, म्हणजे झिजलेले दात दिसले की टीएमडी असा हिशोब नाही.

हे होतं कोणाला, तर कोणालाही, पण बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण दुप्पट दिसतं आणि ऐन कामाच्या वयात जास्त, म्हातारपणी उलट कमी होत जातं. जबड्याला मार लागणं, डेंटिस्टकडे खूप वेळ तोंड उघडं धरून बसावं लागणं, ऑपरेशनच्या वेळी नळी घालताना तोंड ताणलं जाणं, अशा एखाद्या प्रसंगानंतर सुरू होतं कधी. पण बऱ्याच वेळा नेमकं कारण सापडतच नाही. झोप नीट नसणं, सततची काळजी, आधीपासून मायग्रेन, कंबरदुखी किंवा पोटाची कुरकुर असणं, हे सोबत असलं की त्रास चिकट होतो. म्हणजे सगळं मनाचं आहे असं नव्हे. दुखणं खरंच असतं. फक्त थकलेल्या शरीरात ते मोठं होऊन ऐकू येतं. आणि तारा लावून दात सरळ केल्यामुळे हा आजार होतो अशी एक समजूत आहे, अभ्यासांमधून ती सिद्ध झालेली नाही, त्यामुळे मुलांच्या तारा लावल्याबद्दल स्वतःला दोष देऊ नका.

आता जे जबड्याचं वाटतं पण नसतं, हे जरा सावकाश वाचा. चालताना, जिना चढताना जबड्यात दुखायला लागतं आणि थांबलं की थांबतं, सोबत घाम, धाप, छातीत किंवा हातात जडपणा, तर ते हृदयाचं असू शकतं, आणि बायकांमध्ये छातीत फारसं न दुखता नुसतं जबडा-पाठ-मान असंही येऊ शकतं, तेव्हा सरळ हॉस्पिटल गाठायचं. वय 50 च्या पुढे, नव्यानेच सुरू झालेली डोकेदुखी, चार घास चावले की जबडा भरून येतो आणि थांबलं की उतरतो, केस विंचरताना डोक्याची कातडी दुखते, नजर मध्येच अंधुक होते, तर ही कानशिलाच्या रक्तवाहिनीची सूज असू शकते, जायंट सेल आर्टरायटिस. यात उपचाराला उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर. विजेचा झटका बसावा तशी काही सेकंदांची कळ, तोंडावर पाणी मारलं किंवा वारा लागला तरी येणारी, ती चेहऱ्याच्या नसेची. जेवायला बसलं की गालाखाली किंवा जबड्याखाली सूज येते आणि नंतर उतरते, तर लाळेच्या ग्रंथीत खडा असेल. ताप, सूज आणि तोंड उघडत नाही, तर पू झालाय, बहुतेक अक्कलदाढेच्या आसपास. तोंड महिन्यागणिक थोडं थोडं कमी उघडतंय, आत जळजळतं आणि गालाची आतली बाजू कडक लागते, तर तंबाखू-सुपारीमुळे होणारा सबम्युकस फायब्रोसिस आहे का ते तपासून घ्या, तो पुढे कॅन्सरकडे जाऊ शकतो. आणि गाठ, न भरणारी जखम, ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काहीही जबड्याच्या सांध्याच्या नावाने घरी सांभाळत बसू नका.

हे सगळं वगळलं आणि जबड्याचाच त्रास निघाला, तर बातमी बरी आहे. बहुतेकांचं साध्या गोष्टींनी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतं. थोडे दिवस मऊ खाणं, छोटे घास, दोन्ही बाजूंनी चावणं, च्युइंगगम बंद, नखं-पेन चावणं बंद, हनुवटी हातावर टेकवून बसणं बंद, गालाला दमट गरम शेक, आणि डॉक्टरांना विचारून थोडे दिवस दुखणं कमी करायची गोळी. रेंगाळलंच तर फिजिओथेरपी. 2023 च्या शेवटी बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय जर्नलने तीन महिन्यांपेक्षा जुन्या दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना छापल्या, त्यात जोर आहे तो जबड्याचे व्यायाम, स्नायू हाताने मोकळे करणं, बसण्या-उभं राहण्याच्या पद्धतीचे व्यायाम आणि दुखण्याशी जुळवून घ्यायला शिकवणारं समुपदेशन यांच्यावर. रात्री घालायच्या स्प्लिंटचा, म्हणजे दातांवर बसवायच्या कव्हरचा, फायदा तितका नक्की धरलेला नाही. दातांची झीज वाचवायला तो उपयोगी आहे, मीही घालते, पण तो घातला की दुखणं जाईलच असं कोणी ठासून सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि परत न फिरवता येणाऱ्या गोष्टींना, दात झिजवणं, चावा कायमचा बदलणं, डिस्क काढून टाकणं, यांना शेवटपर्यंत लांब ठेवा. 1980 च्या दशकात अमेरिकेत या सांध्यात टेफ्लॉनचे इम्प्लांट बसवले जात होते, ते आत तुटून आजूबाजूचं हाड खायला लागले आणि 1991 साली ते परत मागवावे लागले, तोवर कितीतरी लोकांचे जबडे कायमचे बिघडले होते. तेव्हापासून वैद्यकशास्त्र खूप सावध झालंय, आपणही व्हावं.

दाखवायचं कोणाला तर आधी डेंटिस्ट, शक्यतो तोंडाच्या आजारांचं विशेष शिक्षण घेतलेले किंवा ओरल सर्जन, आणि कानाची लक्षणं असतील तर आधी कानाचे डॉक्टर. जायच्या आधी आठवडाभर मोबाइलमध्ये टिपून ठेवा, सकाळी दुखतं की संध्याकाळी, कुठल्या बाजूला, बोटाने दाखवता येतं की तळहात ठेवावा लागतो, काय केलं की वाढतं, अडकतो का, अडकला तर कसा सुटतो, तोंड उघडतानाचा समोरून एक छोटा व्हिडिओही काढा कारण तिथे गेल्यावर नेमका जबडा शहाण्यासारखा वागतो. आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं न्या, जबड्याशी काय संबंध असं वाटलं तरी, कारण डिप्रेशन आणि घबराटीवर दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी दात आवळणं सुरू होऊ शकतं, आणि तसं असेल तर ती गोळी मनाने बंद न करता, ज्यांनी लिहून दिली त्या डॉक्टरांशी बोलून डोस किंवा औषध बदलून घेता येतं.